खुर्द्यातली शिवराई

जून 2011. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जूनपासून चलनातून बाद होणार होती, आणि 29 तारखेला बँक बंद होईपर्यंतच ती बदलून मिळणार होती. मी तेव्हा साताऱ्यात एका बँकेच्या कॅश काउंटरवर होते. शेवटच्या आठवड्यात नुसती रीघ लागली. कुणी साखरेच्या डब्यातून नाणी आणली, कुणी पानाच्या चंचीतून, एका मावशींनी तर नऊवारीच्या फाडलेल्या पदराची पुरचुंडी बांधून आणली होती. दहा पैसे, वीस पैसे, गेंड्याचे चार आणे. दिवसभर मोजून मोजून बोटं काळी व्हायची आणि घरी आल्यावर हाताचा तो अॅल्युमिनियमचा वास साबणानं जायचा नाही.

त्यातच एका दुपारी जावळीकडचे एक आजोबा आले. धोतर, डोक्याला पटका, हातात युरियाच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यांची नाणी मी काउंटरवर ओतली आणि बोटांनी ढिगारे करायला लागले, तर मध्येच एक जड, जाड, काळपट तांब्याचं नाणं हाताला लागलं. कडा वेडीवाकडी, एका बाजूनं चपटी. वर काही अक्षरं होती, पण पटकन लागत नव्हती.

"आजोबा, हे नाही चालत."

"आता न्हाय चालत व्हय?" ते म्हणाले. "आमच्या आज्याच्या वक्ताला चालायचं."

ते परत न्यायला ते काही तयार होईनात. "तुमीच ठिवा बाई, देवाम्होरं टाका." मी माझ्या पर्समधले दहा रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले आणि गेले. त्यांचं नावगाव मी विचारलं नाही, ही रुखरुख आजही आहे. ते नाणं कुठल्या घरात होतं, कुणाच्या हातून कुणाकडे आलं, एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण मागे तीस माणसं उभी होती.

रात्री मी ते चिंचेच्या कोळात घातलं.

आमच्या घरी देवाची तांब्याची भांडी चिंचेनंच घासतात, तेव्हा दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी काढलं, वर मीठ टाकून अंगठ्यानं चोळलं, आणि तांबं असं झळाळलं की मी हरखून गेले. गुलाबी, नवंकोरं. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "अगं, ही शिवराई! आमच्या माहेरी घटाच्या कलशात घालायचे." मग त्यांनीच बोट ठेवून वाचलं : राजा, खाली शिव. मागे छत्र, खाली पति.

महाराजांचं नाव असलेलं नाणं एवढा वेळ मी मीठ लावून चोळत होते. तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही.

चूक कळायला महिनाभर गेला. शाहूपुरीत आमच्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहायचे, त्यांना सगळे गुरुजीच म्हणायचे. त्यांच्याकडे जुनी नाणी आहेत असं ऐकून होते. एका रविवारी शिवराई डबीत घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी डबी उघडली, नाणं उचललं नाही, नुसतं बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "चिंच का?"

मी मान हलवली.

"हा रंग परत यायला आपलं आयुष्य पुरणार नाही," ते म्हणाले. रागानं नाही, जसं एखाद्याच्या आजारपणाबद्दल बोलावं तसं. मग त्यांनी समजावलं. तांब्यावर वर्षानुवर्षं जो तपकिरी, काळा, हिरवट थर चढतो, तो मळ नसतो. तो तांब्याचाच झालेला असतो आणि खालच्या धातूला तोच जपतो. आम्लानं तो थर तर जातोच, पण त्यात गुंतलेला अक्षरांचा वरचा पापुद्राही जातो. हातानं ठोकलेल्या नाण्यावर अक्षर मुळातच उथळ असतं. तो उंचवटा एकदा गेला की गेला.

मी ते नाणं घरी आणलं आणि कपाटाच्या मागच्या खणात ठेवून दिलं. पुढची बरीच वर्षं ते मला बघवायचं नाही.

पण जाणं सुरू झालं. दर रविवारी दहा ते साडेबारा. गुरुजींनी सुरुवातीलाच विचारलं, "बाई, तुम्हाला महागडं नाणं हवं की बोलणारं?" त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळत गेला.

मराठी माणसाच्या घरात नाण्यांचा विषय निघाला की गाडी होनावर जाते. महाराजांचा सोन्याचा होन. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. तो अतिशय दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलांचा सुळसुळाट. मला स्वतःला आजवर चार जणांनी 'घरातला होन' दाखवलाय आणि चारही नव्या ओतकामाचे निघाले. कडेला साच्याचा सांधा, अक्षरांच्या तळाशी बुडबुड्यांची बारीक भोकं, सगळी अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. माणसं हौसेनं, श्रद्धेनं त्याला हजारो रुपये देतात, याचं मला फार वाईट वाटतं. होनानंतर लोक विचारतात ते चांदीचे रुपये, मग राणीचा रुपया. शिवराईचं नाव निघालं, तरी तीत हवी असते ती 'शंभू' नावाची, कारण संभाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं क्वचित मिळतं.

आणि सगळ्यांच्या खाली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली, दुदांडी शिवराई. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा असतात, त्या दोन दांड्यांवरून हे नाव. उत्तर पेशवाईच्या काळातली. ठसे ओबडधोबड, चकत्या वेड्यावाकड्या, वजनाला हलकी. मी सुरुवात केली तेव्हा पन्नास-साठ रुपयांना एक मिळायची, आणि घेणाराही विचार करायचा.

गुरुजींनी एक दिवस टेबलावर दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली. एक मिरजेच्या टांकसाळीतला चांदीचा रुपया, दुसरी दुदांडी. "वाचा," म्हणाले. रुपया मला वाचता येईना. त्यावर फारसी होतं, दिल्लीच्या बादशहाचं नाव, आणि मिरजेचं नावसुद्धा मिरज नव्हे, मुर्तजाबाद. मराठ्यांच्या टांकसाळीतून निघालेले रुपये असेच असायचे. बादशाही नावाचा रुपया सगळीकडे खपायचा, सावकार तो पारखून घ्यायचे, म्हणून नाव बादशहाचं. चांदवडचा चांदोरी रुपया काय, अंकुशाच्या खुणेचा अंकुशी रुपया काय, सगळ्यांची तीच तऱ्हा. आणि शेजारी ही तांब्याची चकती. देवनागरीत, सरळ : श्री राजा शिव, छत्रपति.

1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा ही अक्षरं नाण्यावर आली. महाराज 1680 मध्ये गेले. पुढे गाद्या बदलल्या, 1708 मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यात अभिषेक झाला, कारभार पेशव्यांकडे गेला, 1818 मध्ये पेशवाई बुडाली. चांदीवर बादशहाचं नाव राहिलं. तांब्यावर मात्र बहुतेक करून तेच एक नाव राहिलं, जवळपास दीडशे वर्षं. बाजारात भाजी घेणाऱ्या, मीठ-मिरची आणणाऱ्या, बलुतं नाही म्हणून रोखीनं काही घ्यावं लागणाऱ्या माणसाच्या हातात जो खुर्दा होता, त्याच्यावर. रुपया त्या माणसानं वर्षातून किती वेळा पाहिला असेल? त्याच्या कनवटीला शिवराईच होती. मी कॅश काउंटरवर आयुष्य काढलेली बाई आहे, मोठ्या नोटा कुणाच्या आणि सुटे पैसे कुणाचे हे मला सांगावं लागत नाही. त्या रविवारी घरी येताना राजवाड्यासमोर मी बराच वेळ नुसती उभी राहिले. ठरवलं, आपण दुसरं काही जमवायचं नाही. दुदांडीच.

शोधायचं कुठे, तर मोडीत. तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं जुनी भांडी वजनावर घेतात, त्यात घरातल्या जुन्या डब्यांतला तांब्याचा खुर्दाही येतो. पूर्वी तो थेट मुशीत जायचा. किती शिवराया हंडे-कळशा होऊन गेल्या असतील याची मोजदाद नाही. मोती चौकापासून खाली उतरताना एक दुकान आहे, तिथल्या दादांकडे मी दर महिन्याला जायला लागले. पहिल्यांदा त्यांनी एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "ताई, निवडून घ्या की. पर समद्या एकच हायती बगा."

समद्या एकच नव्हत्या, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

त्या डब्यात काय नव्हतं! 1943 पासूनचा भोकाचा पैसा, युद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून मधोमध भोक पाडलेला, पुढे लोकांनी ज्याचे वायसर केले. 1950 चा घोड्याचा पैसा. कंपनी सरकारचा 1835 चा पाव आणा. हा पाव आणा आणि शिवराई मी दोन तळहातांवर घेऊन बघायची. पाव आण्याचं वजन ठरलेलं, 100 ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. यंत्रावरचा, म्हणून दहा घ्या, दहाही सारखे. शिवराई तशी नाही. तांब्याच्या कांबीचे तुकडे तोडायचे, वजन बघायचं, चकती ठोकून चपटी करायची, तापवायची, खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. टांकसाळी मक्त्यानं दिलेल्या, कारागीर वेगळे, हात वेगळे. आणि मुख्य म्हणजे ठसा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे एकाही नाण्यावर पूर्ण मजकूर उमटत नाही. एकावर 'राजा' येतं आणि 'श्री' बाहेर राहते, दुसऱ्यावर 'शिव' मधला 'व' कापला जातो. लोक म्हणतात नाणं अर्धवट आहे, म्हणून किंमत नाही. मला त्या अर्धवटपणाचंच वेड लागलं.

गुरुजींची पद्धत अशी. नाणं आलं की आधी काही करायचं नाही, फक्त सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन, आणि कागदी पाकिटावर पेन्सिलीनं नोंद. पेन नको, शाई ओलाव्यानं उतरते. माझ्याकडच्या दुदांड्या सव्वाआठ ग्रॅमपासून दहाच्या पुढेपर्यंत भरल्या. मग माती. ती काढायला डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. नाणं त्यात बुडवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. नळाचं पाणी चालत नाही, त्यातला क्लोरीन तांब्याला बरा नाही. आठवड्यानं माती मऊ पडली की बांबूच्या दातकोरणीनं अक्षरांच्या कडेकडेनं अलगद सोडवायची. धातूचं टोक कधीच नाही. फारच चिकट असेल तर ऑलिव्ह ऑइलमध्ये महिनोन् महिने. घाई केली की संपलं. आणि कुठल्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली, तर ते तातडीनं बाकीच्यांपासून दूर करायचं, कारण ते तांब्याचं दुखणं असतं आणि ओल मिळाली की आतपर्यंत पोखरत जातं. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर वेगळा, तो सुखरूप. हा फरक बोटानं नाही, नजरेनं शिकायचा.

साताऱ्याच्या पावसाळ्यात हे सगळं सांभाळणं म्हणजे परीक्षाच. जुलैत भिंतीला ओल येते, पुस्तकांना बुरशी येते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांचा अल्बम मी हौसेनं आणला होता, तो गुरुजींनी पहिल्याच दिवशी रिकामा करायला लावला. त्या प्लॅस्टिकमधून कालांतरानं चिकट हिरवा द्रव सुटतो आणि नाण्याला खातो. तेव्हापासून कागदी पाकिटं, पत्र्याचा डबा आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. या पुड्या मी सगळ्या नातेवाइकांकडून गोळा करते.

मग वाचन. हे काम रात्रीचं. खोलीतला दिवा बंद करायचा आणि टॉर्च नाण्याच्या बाजूनं, टेबलाच्या पातळीला धरून फिरवायची. समोरून उजेड टाकला की झिजलेलं नाणं कोरं दिसतं. आडवा उजेड पडला की अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. पहिल्यांदा असं एका पूर्ण गुळगुळीत वाटणाऱ्या चकतीवर 'छत्र' वर आलेलं बघितलं, तेव्हा मी ओरडून सासूबाईंना हाक मारली होती. त्या हात पुसत आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी नाण्याला नमस्कार केला.

हळूहळू हात ओळखू यायला लागले. कुणी 'पति' ऱ्हस्व कोरतो, कुणी 'पती' दीर्घ. कुणाचा 'शिव', कुणाचा 'सिव'. एका नाण्यावर 'त' चक्क उलटा आहे, कारण ठसा आरशासारखा उलटा कोरायचा असतो आणि त्या कारागिराचा तिथे गोंधळ झाला. कुठे मोकळ्या जागेत चंद्र-सूर्य, कुठे बेलपान, कुठे त्रिशूळ. गुरुजी म्हणायचे, यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नसणार. समोर जुनं नाणं ठेवून ते चित्र काढल्यासारखं अक्षर काढत असणार. मुलांना चित्रकला शिकवताना नकलेतल्या चुका त्यांनी पस्तीस वर्षं पाहिल्या होत्या, त्यामुळे या बाबतीत मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवते.

मध्ये एकदा दादांनी निरोप धाडला, मोठा घबाड माल आलाय. गेले तर डब्यात मातीसकट शिवराया, एकमेकींना चिकटलेल्या, दीड-दोनशे तरी. अशी रास मी कधी पाहिली नव्हती. कुठून आल्या विचारलं, तर आणणारा म्हणाला, घर पाडताना पायात मडकं निघालं. मला मोह झाला, खरं सांगते. पण गुरुजींना फोन केला, आणि ते तिथल्या तिथे रिक्षानं आले. जमिनीतून निघालेली दहा रुपयांच्या वरची कुठलीही ठेव कलेक्टरला कळवायची, असा 1878 चा कायदा आहे. त्यांनी त्या माणसाला शांतपणे सगळं सांगितलं. दडवलं तर गुन्हा, आणि रीतसर कळवलं तर कायद्यानं सापडणाऱ्याचाही हक्क राहतो. "शिवाय मडक्यातली नाणी एकत्र राहिली तरच कळतं की ती कधी पुरली. वाटली की नुसता खुर्दा." तो माणूस डबा घेऊन निघून गेला. त्यानं पुढे काय केलं ते कळलं नाही. मी त्यातलं एकही घेतलं नाही, आणि त्याची खंत नाही.

2016 पर्यंत माझ्याकडे त्रेचाळीस दुदांड्या झाल्या होत्या. त्यातल्या पाच एकाच ठशाच्या आहेत हे मला एका रात्री लक्षात आलं. वरच्या दांडीला डाव्या टोकाशी एक बारीक उंच रेघ तिरकी फुटलेली. ठशाला चीर गेली की नाण्यावर अशी रेघ उमटते. पाचही नाण्यांवर तीच रेघ, तोच कोन, पण एकावर आखूड, एकावर लांब. म्हणजे चीर वाढत गेली होती. कुठलं नाणं आधी ठोकलं आणि कुठलं नंतर, हेसुद्धा लावता येत होतं. घणाचे घाव मोजल्यासारखं वाटलं मला.

गुरुजींना सांगितलं, तर ते लहान मुलासारखे उठले आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन आले. पाचही नाण्यांचे फोटो मी एकाच मापात मोठे करून छापून आणले. गुरुजींनी प्रत्येकाचं वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं ट्रेसिंग केलं, फक्त जे दिसतं तेवढंच, अंदाजानं एक रेघही नाही. मग त्या चिरेवर चीर जुळवून पाचही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. मागून अजिंक्यताऱ्याकडचं ऊन येत होतं. आणि काचेवर अख्खा ठसा उभा राहिला. एकाचा 'रा', दुसऱ्याचा 'जा', दोन दांड्या पूर्ण, खाली 'शिव' आणि भोवतीच्या टिंबांच्या कड्याचा निम्मा भाग. ज्या कारागिरानं तो कोरला त्याच्यानंतर तो पूर्ण कुणी पाहिलाच नसेल, कारण नाण्यावर तो कधी पूर्ण उमटलाच नाही.

फक्त वरची 'श्री' नव्हती. पाचांपैकी एकावरही नाही. तिथे कागद कोरा होता.

तीन वर्षं आम्ही त्या एका अक्षरासाठी हिंडलो. दादांचे डबे, वाईचा बाजार, कराडचं एक जुनं भांड्यांचं दुकान, सांगलीच्या गणपती पेठेतल्या ओळखीच्या बाई. चीर असलेलं सहावं नाणं मिळेना. या हिंडण्यात इतर खुर्दा पुष्कळ जमला. 1968 ची कमळाची पितळी वीस पैसे, ज्यात सोनं आहे अशी आवई उठली होती आणि आमच्याकडे अजून लक्ष्मीपूजनाला ताटात असतात. सहा कोनांचे तीन पैसे. 1985 चा रुपया, सालाखाली बारीक एच अक्षर असलेला, जो बर्मिंगहॅमला पाडून आणला होता. ज्ञानेश्वर माउलींचा 1999 चा रुपया. ही सगळी हातातून रोज जात होती तेव्हा मी बघितली नव्हती. हीसुद्धा जमवण्यासारखीच आहेत. पण माझा जीव त्या कोऱ्या जागेत अडकला होता.

गुरुजी 2019 च्या पावसाळ्यात गेले. पाच ट्रेसिंग त्यांनी आधीच माझ्याकडे दिली होती.

त्याच दिवाळीत कपाट आवरताना मागच्या खणातली डबी हाताला लागली. आजोबांची शिवराई. आठ वर्षांत गुलाबी रंग जाऊन तिच्यावर ठिपक्याठिपक्यांचा फिकट तपकिरी थर आला होता. मी ती कधी टॉर्चखाली धरलीच नव्हती. ती आली तेव्हा मला ते येत नव्हतं, आणि येऊ लागलं तेव्हा ती बघवत नव्हती. दिवा बंद केला. उजेड डावीकडून आडवा आणला.

चीर होती. वरच्या दांडीच्या डाव्या टोकाशी, तिरकी, पाचांपेक्षाही आखूड. म्हणजे सगळ्यांत आधी ठोकलेली. आणि चकती ठशावर वरच्या अंगाला सरकली असणार, कारण खालचं 'शिव' अर्धंच होतं आणि वर 'श्री' होती. 'श'ची गाठ दिसत होती. वेलांटी सुरू होत होती, वर वळत होती आणि जिथे माझा अंगठा मीठ लावून फिरला होता तिथे ती पुसट होत होत नाहीशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठा करून आणला आणि सहावं ट्रेसिंग मी स्वतः केलं. दिसतं तेवढंच. वेलांटी जिथे थांबते तिथे पेन्सिल उचलली. मग कागद काचेला लावला, आणि पाकिटावर लिहिलं : 9.1 ग्रॅम, जावळी, जून 2011.